एक टब पाणी, पाच दिवस: बालवर्गाचा आठवडा कसा आखावा

बालवर्गाच्या नियोजनाची वही उघडली की बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. सोमवारी रंग, मंगळवारी आकार, बुधवारी प्राणी, गुरुवारी चिकटकाम, शुक्रवारी गाणी. वही भरलेली असते, भिंतीही सजतात. मुलांकडे बघितलं तर मात्र त्यांना रोज नव्यानं सुरुवात करावी लागते, कारण काल जे हाताला लागलं होतं ते आज कपाटात गेलेलं असतं. चार-पाच वर्षांचं मूल एखाद्या वस्तूशी पहिल्या दिवशी फक्त ओळख करून घेतं. खरे प्रश्न त्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पडतात, आणि तेव्हा ती वस्तू समोर नसेल तर प्रश्न तिथेच विरून जातात.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: आठवडाभर साहित्य एकच ठेवा आणि रोज त्याच्याकडे बघायची बाजू बदला. या लेखात मी पाणी घेतलं आहे. पाण्याशी खेळायची 'बरोबर' अशी एकच पद्धत नसते, त्यामुळे कुणी मागे पडत नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. त्यांच्या पद्धतीत एका भांड्यातलं पाणी न सांडता दुसऱ्या भांड्यात ओतणं हा एक स्वतंत्र पाठ आहे. पाणी हा बालवर्गातला फावल्या वेळचा खेळ नाही, हे त्यावरून लक्षात यावं.

पुढची आखणी ४ ते ५ वर्षांच्या साधारण २० मुलांसाठी आहे. वर्गात एक शिक्षिका आणि एक मदतनीस आहेत असं धरलं आहे.

आदल्या आठवड्यातली तयारी

एक मोठा खोल टब घेण्यापेक्षा दोन पसरट टब घ्या. एका टबाभोवती चारच मुलं नीट उभी राहू शकतात. पाचवं आलं की कोपर लागतं आणि भांडण होतं. टब मुलांच्या कमरेच्या उंचीवर येईल अशा बुटक्या टेबलावर ठेवा. पाणी ८ ते १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. टबाखाली जुनी चादर घाला, नाहीतर फरशी निसरडी होईल. शेजारी दोन-तीन पंचे हाताशी ठेवा. मोठ्या माणसांचे जुने शर्ट उलटे, म्हणजे बटणं पाठीमागे करून घातले की ॲप्रनचं काम भागतं.

सोमवारी टबात मोजक्याच वस्तू हव्यात: सारख्या आकाराचे चार मग, दोन पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटल्या, एक नरसाळं, एक गाळणी. मग चारही एकाच रंगाचे असू द्या. तीन लाल आणि एक निळा असेल तर अर्धा तास निळ्या मगाच्या वादात जातो. काच कुठेही नको.

सुरक्षिततेबद्दल मी जास्त आग्रही आहे, आणि त्याचं कारण आहे. लहान मूल अगदी ५ सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, आणि तेसुद्धा आवाज न करता. टबात पाणी असेल तोवर एक मोठं माणूस टबापाशीच उभं राहील, हा नियम कोणत्याही कारणानं मोडायचा नाही. फोन आला, पालक दारात आले, दुसरं मूल रडलं, तरी आधी दुसऱ्या मोठ्या माणसाला टबापाशी बोलवा आणि मगच हला. खेळ संपला की टब लगेच रिकामा करा. पाणी रोज ताजं घ्या आणि टबात हात घालण्याआधी सगळ्यांना हात धुवायला लावा. ज्याला जुलाब होत आहेत किंवा हातावर उघडी जखम आहे, त्याला वेगळं छोटं घमेलं द्या. पाण्यात टाकल्यावर फुगणारे रंगीत जेलीचे मणी बाजारात मिळतात. ते दिसायला कितीही सुंदर असले तरी वर्गात आणू नका. गिळले तर ते आतड्यात फुगतात. छोटी चुंबकं आणि बटणासारख्या चपट्या बॅटऱ्यांनाही वर्गात जागा नाही.

पालकांना शुक्रवारी एक चिठ्ठी जाऊ द्या: कपड्यांचा एक जास्तीचा जोड पाठवा, आणि घरातले धुतलेले रिकामे प्लॅस्टिकचे डबे-झाकणं पाठवा. मूल घरी ओलं आलं तर ते का ओलं आहे हे पालकांना आधीच माहीत असलं की नंतरचं समजावणं वाचतं.

दिवसाचा ताल

पाचही दिवस दिवसाचा क्रम बदलत नाही. पुढे काय येणार हे ठाऊक असलेलं मूल निर्धास्त असतं, आणि निर्धास्त मूलच प्रयोग करतं. साधारण सव्वातीन तासांची मांडणी अशी:

- आगमन आणि हवा तो शांत खेळ: २० मिनिटं
- सकाळचा गोल: १५ मिनिटं
- कोपऱ्यांतला मुक्त खेळ: ६० मिनिटं
- आवराआवर: १० मिनिटं
- हात धुणं आणि खाऊ: २५ मिनिटं
- मैदान: ४० मिनिटं
- गोष्ट: १५ मिनिटं
- निरोपाचा गोल: १० मिनिटं

यातला मुक्त खेळाचा तास कुणी कापायला सांगितला तरी कापू नका. पहिली दहा-पंधरा मिनिटं मुलं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नुसती फिरतात. मग कुठेतरी टेकतात आणि खेळ आकार घ्यायला लागतो. वीस मिनिटांनी घंटा वाजवली तर तुमच्या वर्गात रोज फक्त फिरणंच होतं, खेळ कधी होतच नाही.

कोपरे पाच पुरेत: पाणी, ठोकळे, पुस्तकं, चित्र आणि घर-घर. पाण्याच्या कोपऱ्यापाशी आठ खुंट्या लावा. प्रत्येक मुलाचं स्वतःचं चित्र लावलेली चकती असते. खेळायला येताना ती खुंटीवर अडकवायची. खुंट्या भरल्या म्हणजे जागा भरली. 'एका खुंटीला एक मूल' हे एकास-एक नातं मुलं इथे न शिकवता शिकतात. शेजारी एक कागद आणि जाड खडू ठेवा. ज्याला थांबावं लागतंय त्यानं तिथे आपलं नाव किंवा आपली खूण काढायची. नंबर लागावा म्हणून मुलं तिथे जितक्या मनापासून लिहितात, तितकं पाटीवर गिरवताना कधी लिहीत नाहीत.

आवराआवरीच्या पाच मिनिटं आधी प्रत्येक कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात सांगा, "अजून थोडा वेळ आहे, मग आवरायचंय." वर्गाच्या मध्यभागी उभं राहून ओरडून सांगितलेलं खेळात गुंतलेल्या मुलाच्या कानात शिरतच नाही.

सोमवार: नुसतं ओतायचं

सकाळच्या गोलात झाकलेली बादली मध्ये ठेवा. हलवा, आवाज ऐकवा. आत काय असेल, ते प्रत्येकाला सांगू द्या. उत्तर चुकलं तरी चेहरा बदलू नका. मग झाकण काढा.

मुक्त खेळात आज कसलीही सूचना नाही आणि कृतीही ठरवून द्यायची नाही. मुलं ओततील, सांडतील, गाळणीतून पाणी पळतंय म्हणून हसतील. तुमचं काम म्हणजे जवळ उभं राहून जे घडतंय त्याला शब्द देणं. "तू बाटली थोडीच वाकवलीस, धार बारीक झाली." "हा मग काठोकाठ भरला." "बाहेरून ओघळ आला बघ." आपल्या भाषेत पाण्यासाठी शब्दांची श्रीमंती आहे: धार, थेंब, शिंतोडा, ओघळ, झिरपणं, ठिबकणं, निथळणं, गढूळ, नितळ. यातला प्रत्येक शब्द मूल हातात पाणी असताना ऐकतं, म्हणून तो त्याचा होतो. फळ्यावर लिहून पाठ करून घेतलेला शब्द असा टिकत नाही.

आजच्या दिवशी प्रश्न विचारायचा मोह आवरा. "हा कोणता रंग? किती मग आहेत?" असं विचारलं की खेळाची परीक्षा होते आणि मूल तुमच्याकडे बघायला लागतं, पाण्याकडे बघणं सोडून देतं.

निरोपाच्या गोलात मोठा कागद भिंतीवर लावा आणि आज पाण्यानं काय काय केलं ते मुलांना सांगू द्या. ती सांगतील तसंच, त्यांच्याच शब्दांत लिहा. "पाणी गाळणीत राहतच नाही" असं कुणी म्हणालं तर तेच लिहा, सुधारू नका. शेजारी त्या मुलाची खूण काढा. हा कागद शुक्रवारपर्यंत तिथेच राहणार आहे, आणि पुढचे दिवस त्यावरूनच चालणार आहेत.

मंगळवार: बुडतं की तरंगतं?

आठवड्यातला हा सर्वांत कसदार दिवस, म्हणून थोडं सावकाश सांगते.

आठ वस्तू गोळा करा आणि त्या विचार करून निवडा: छोटा खडा, मोठा लाकडी ठोकळा, स्टीलचा चमचा, स्टीलची वाटी, झाडाचं पान, प्लॅस्टिकचं झाकण, किल्ली आणि स्पंजचा तुकडा. ठोकळा खड्यापेक्षा स्पष्टपणे जड हवा. साध्या लाकडाचा घ्या आणि तो तरंगतो का हे आधी स्वतः करून बघा. चमचा आणि वाटी एकाच धातूची असणंही महत्त्वाचं आहे.

एका वेळी चार मुलं घ्या. पाण्यात काहीही टाकण्याआधी प्रत्येक वस्तू हातात फिरवू द्या आणि अंदाज करायला लावा. दोन कागद ठेवा, एकावर पाण्याच्या रेषेवर ठिपका, दुसऱ्यावर रेषेखाली ठिपका. ज्याला जिथे वाटतं तिथे त्यानं वस्तू ठेवायची. मग एकेक करून टाकायची.

बहुतेक मुलांचा नियम एकच असतो: जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं. मग ठोकळा तरंगतो आणि खडा तळाशी जातो. हा क्षण जपायचा. इथे समजावून सांगायला गेलात तर सगळं संपतं. एका गटात एक मुलगी ठोकळा पुन्हा पुन्हा तळाशी दाबून धरत होती आणि सोडल्यावर तो उसळला की म्हणत होती, "त्याला नकोय खाली." तिच्या हाताला पाणी वर ढकलतंय हे कळत होतं. शब्द पुढे कधीतरी येतील. तो जोर तिला हाताला जाणवला, आणि आजच्यासाठी तेवढं भरपूर आहे.

तुम्हाला स्वतःला मात्र खरं कारण ठाऊक हवं, म्हणजे चुकीचं काही तोंडून जाणार नाही. वस्तू पाण्यात शिरताना आपल्या जागेचं पाणी बाजूला सारते. पूर्ण बुडण्याआधीच तिनं स्वतःच्या वजनाइतकं पाणी सारलं असेल तर ती तरंगते. वाटी पोकळ असल्यानं पुष्कळ पाणी सारते, चमचा सारत नाही. म्हणून "हलक्या वस्तू तरंगतात" हे वाक्य, कितीही सोयीचं असलं तरी, वर्गात म्हणू नये.

"का?" हा प्रश्न या वयात फारसा चालत नाही. मूल गप्प बसतं किंवा तुम्हाला आवडेल असं काहीतरी सांगतं. त्याऐवजी हातांना काम देणारे प्रश्न विचारा. "आता ही वाटी बुडवायची असेल तर काय करशील?" "पान तळाशी राहील असं करता येईल का?" आणि विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या संशोधिकेनं वर्गातल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास केला होता. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, आणि ही वेळ ३ सेकंदांवर नेली की मुलांची उत्तरं लांब आणि जास्त विचारपूर्वक होतात, असं त्यांना दिसलं. मनात एक-दोन-तीन म्हणून बघा. तीन सेकंद किती लांब असतात ते कळेल.

खेळाच्या शेवटी प्रत्येकाला तेलकट क्लेचा, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगीत मातीचा, लिंबाएवढा गोळा द्या. तो टाकला की बुडतो. "हा तरंगेल असा करता येईल का?" एवढंच विचारा आणि बाजूला व्हा. कुणी गोळ्याचे तुकडे करेल, कुणी पोळीसारखा चपटा करेल. कुणाच्या तरी हातून कडा वर वळतात आणि ती होडी पाण्यावर राहते, मग बाकीचे तिच्याकडे बघून शिकतात. होडीत एकेक खडा ठेवायचा, बुडेपर्यंत मोजायचं. हा खेळ बुधवारीही सुरू राहतो, गुरुवारीही. राहू द्या.

आज जे बघितलं त्याची नोंद मुलंच करतील. कागदावर मधोमध आडवी रेघ, वर तरंगलेल्या वस्तूंची चित्रं, खाली बुडालेल्यांची. चित्र ओळखू येत नसेल तर मूल जे सांगेल ते खाली लिहा.

बुधवार: किती मावतं?

एक उंच बारीक पारदर्शक बाटली आणि एक बुटका रुंद डबा ठेवा. बाटलीतलं पाणी मुलांसमोर डब्यात ओता. आता पाणी कमी झालं का? बरीच मुलं ठामपणे "हो" म्हणतील. जाँ पियाजे यांनी दाखवून दिलं होतं की भांड्याचा आकार बदलला तरी पाणी तेवढंच राहतं ही समज बहुतेक मुलांना साधारण सहा-सात वर्षांच्या आसपास येते. त्यामुळे या वयातला "हो" ही चूक नाही, मुलाचं आजचं गणित आहे. पुन्हा बाटलीत ओतून दाखवा, चर्चा होऊ द्या, आणि तिथेच सोडा.

मग मोजणी. डबा भरायला किती कप लागतात? एक कप ओतला की एक खडा बाजूला ठेवायचा, म्हणजे मध्येच कुणी बोललं तरी मोजणी हरवत नाही. साधारण ५ ते १० कपांत भरेल असा डबा निवडा. याहून मोठ्या संख्येत मुलं मोजण्यातच अडकतात. शेवटी "मग किती कप?" असं विचारा. जे मूल लगेच "सात" म्हणतं त्याला कळलंय की मोजताना आलेला शेवटचा आकडा हाच एकूण. जे पुन्हा एकपासून मोजायला लागतं त्याला ते अजून कळायचंय, आणि त्याला मोजायच्या आणखी संधी हव्यात. आकडे लिहून घेण्याची घाई नको.

यात एक गंमत मुद्दाम घडवून आणा. एका गटाला मोठा कप द्या, दुसऱ्याला लहान, डबा मात्र सारखाच. एका गटाचे पाच कप होतील, दुसऱ्याचे नऊ, आणि वाद रंगेल. सगळ्यांनी एकच माप का वापरायचं, हे मुलांना या वादातून उमगतं, त्यामुळे तो मिटवायला धावू नका. फक्त एवढं बघा की दोन्ही गट कप काठोकाठ भरताहेत.

मैदानावर स्पंजची शर्यत घ्या. एका टोकाला भरलेली बादली, दुसऱ्या टोकाला रिकामी. स्पंज भिजवायचा, पळत न्यायचा, पिळायचा. बोटांना आणि मनगटाला जी ताकद पेन्सिल धरायला लागते ती या पिळण्यातून येते. कोण जिंकलं ते सांगायची गरज नाही, बादली किती भरली ते सगळ्यांनी मिळून बघायचं.

गोष्ट आणि अक्षरं यांचं काय?

पालक हे विचारतातच, म्हणून आठवड्याच्या मधोमध सांगते. गोष्ट आठवडाभर एकच घ्या. तुम्हीच रचा: पावसाचा एक थेंब ढगातून निघतो, छपरावर आपटतो, पन्हळीतून घसरतो, कुंडीत पडतो, मुळाशी पोचतो. प्रत्येक ठिकाणाला एक ठरलेला आवाज द्या: टप्प, सर्रर्र, डुबुक. सोमवारी मुलं ऐकतात. बुधवारी आवाज तीच काढतात, तुम्ही फक्त थांबायचं. शुक्रवारी तीच गोष्ट करून दाखवतात. तीनदा ऐकलेल्या गोष्टीतले शब्द मुलांच्या बोलण्यात यायला लागतात. एकदाच ऐकलेल्या तीन गोष्टींतून तेवढं येत नाही.

अक्षराआधी ध्वनी. गोलात रोज पाच मिनिटं शब्दांवर टाळ्या वाजवा: पा-णी, दोन टाळ्या, बा-द-ली, तीन. मग 'पा'नं सुरू होणारे शब्द शोधा: पाणी, पाऊस, पान, पाय, पाटी. कुणी "कागद" म्हणालं तर "का-गद... पा-न... सारखं ऐकू येतं का?" एवढं विचारा. ज्याला शब्दातले आवाज वेगळे ऐकू येतात त्याला पुढे अक्षर शिकवणं फार सोपं जातं.

लिहिण्यासाठी रुंद ब्रश आणि पाणी द्या आणि बाहेरची भिंत किंवा फरशी मोकळी करा. उभ्या रेघा, आडव्या रेघा, गोल, अर्धगोल, गाठी: आपल्या अक्षरांची सगळी वळणं इथे खांद्यापासून हात फिरवून काढता येतात. पाण्यानं काढलेलं थोड्या वेळात वाळून जातं, त्यामुळे चुकायची भीती नसते आणि मूल पुन्हा काढतं.

गुरुवार: पाणी कुठे गेलं?

बुधवारी संध्याकाळीच एका डब्यात पाणी आणि दोन-तीन पानं किंवा प्लॅस्टिकच्या मोठ्या आकृत्या घालून फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी डब्यातून काढलेला बर्फ दहा मिनिटं बाहेर ठेवून मगच मुलांना द्या. फ्रीजरमधून थेट काढलेला बर्फ ओल्या बोटांना चिकटतो. आतली वस्तू कशी काढायची, ते मुलांनी शोधायचं: चोळून, उन्हात ठेवून, कोमट पाणी ओतून, मीठ टाकून. मिठाचे हात डोळ्यांना लागणार नाहीत हे बघा.

सकाळीच फरशीवर थोडं पाणी ओतून त्याच्या कडेनं खडूची रेघ मारा. अर्ध्या-अर्ध्या तासानं नवी रेघ. डबकं आत आत सरकताना दिसतं. मग विचारा, पाणी कुठे गेलं? हमखास मिळणारं उत्तर म्हणजे "जमिनीनं प्यायलं." हे उत्तर फार चांगलं आहे, कारण ते तपासता येतं. स्टीलच्या ताटलीत पातळ थर पाणी ठेवा. ताटली पाणी पिते का? उद्या सकाळपर्यंत ठेवून बघू. तुम्ही 'बाष्पीभवन' शब्द सांगून टाकलात तर मुलं शब्द घेऊन गप्प होतात. ताटली ठेवलीत तर दुसऱ्या दिवशी दारातून आत येताच ती ताटलीकडे धावतात.

रंग मिसळायचे असतील तर ड्रॉपरनं आधी पिवळं पाणी द्या आणि त्यात निळा थेंब थेंब टाकू द्या. उलट केलंत तर निळाच सगळ्यावर मात करतो. नळीनं रंग फुंकायचा असेल तर नळीच्या वरच्या टोकाजवळ टाचणीनं भोक पाडा, म्हणजे कुणी चुकून ओढलं तरी रंग तोंडापर्यंत चढत नाही.

शुक्रवार: धुण्याचा दिवस

आज वर्गातली सगळी धुता येणारी खेळणी, बाहुल्यांचे कपडे आणि ठोकळे धुवायचे. खरं काम म्हटलं की मुलांचं वागणंच बदलतं. एक गट साबणाच्या पाण्यात धुतो, एक साध्या पाण्यात, एक पिळतो, एक दोरीवर वाळत घालतो. चिमटे दाबून लावणं हा बोटांचा उत्तम व्यायाम आहे. दोन सारखे रुमाल घ्या, एक घडी घालून ठेवा, दुसरा पसरून. आधी कोणता वाळतो, ते जेवणाआधी बघून सांगायचं.

कालची ताटली बघायची. शेवटच्या गोलात सोमवारपासूनचा कागद वाचायचा आणि ज्याचं वाक्य असेल त्याला विचारायचं, "अजून असंच वाटतं का?" एखादं मूल आपलं वाक्य बदलतं. ते नव्यानं लिहा, जुनं खोडू नका.

नोंदी कशा ठेवायच्या

रोज चारच मुलं निवडा, पाच दिवसांत २० होतात. प्रत्येकाबद्दल तीनच गोष्टी टिपा: काय केलं, काय बोललं, कुणाबरोबर होतं. "छान खेळला, सहभाग चांगला" ही नोंद सहा महिन्यांनी कुणालाच काही सांगत नाही. "नरसाळं बाटलीवर धरून ओतलं, दोनदा सांडलं, मग बाटली शेजारच्याला धरायला सांगितली" यातून हात, विचार आणि मैत्री तिन्ही दिसतं.

नुसतं उभं राहून बघणाऱ्या मुलाची नोंदही घ्या. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळातल्या सहभागाचे जे प्रकार मांडले, त्यांत इतरांचा खेळ बघत राहणं हा एक स्वतंत्र प्रकार आहे. असं मूल रिकामं नसतं. त्याला हाताला धरून टबात ढकलू नका.

अडचणी येतील त्या

ज्याला हात ओले करणं सहन होत नाही त्याला लांब दांड्याचा डाव, ड्रॉपर किंवा मोजणीचे खडे द्या. तो खेळातच राहील, आणि बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत एक बोट पाण्यात जातं. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलासाठी खुर्ची खाली सरकेल असं टेबल हवं किंवा टब त्याच्या मांडीवरच्या ट्रेवर. जे मूल वर्गाची भाषा बोलत नाही, त्याला पाण्याच्या कोपऱ्यात बोलायची सक्ती नसते, म्हणून ते तिथे सर्वांत लवकर रमतं. त्याच्या भाषेतला पाण्याचा शब्द पालकांकडून शिकून घ्या आणि सगळ्या वर्गाला शिकवा.

जे मूल मुद्दाम शिंतोडे उडवतं त्याला शिक्षा म्हणून कोपऱ्याबाहेर काढण्याआधी बाहेर उडवायची जागा द्या: भिंतीवर खडूनं गोल काढा आणि भिजवलेला स्पंज मारू द्या. त्याला उडवायचं असतं, त्रास द्यायचा नसतो.

पाण्याची टंचाई असेल तर हीच आखणी वाळूवर बसवता येते: सोमवारी ओतणं, बुधवारी मोजणं, गुरुवारी ओली-कोरडी वाळू. पाणी वापरलंत तर साबणाचं सोडून सगळं झाडांना घाला, आणि ते काम मुलांना द्या. मोठं माणूस एकच असेल तर एकच टब आणि चारच खुंट्या ठेवा, आणि बाकीचे कोपरे असे निवडा की तिथे तुमची गरज लागणार नाही.

पुढच्या आठवड्यासाठी

शुक्रवारी टब उलटे ठेवून वाळवा, क्ले बंद डब्यात ठेवा. नोंदींची वही आणि भिंतीवरचा कागद समोर घेऊन बसा आणि कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येतेय ते शोधा. क्लेच्या होड्या चारही दिवस चालल्या असतील तर पुढचा आठवडा होड्यांचा: कागद, पानं, झाकणं, काड्या. ताटलीचं पाणी कुठे गेलं यावर मुलं अजून भांडत असतील तर ताटल्या तशाच राहू द्या, एक उन्हात, एक सावलीत, एक झाकून. काहीच ठळक दिसत नसेल तर टब आणखी एक आठवडा तिथेच ठेवा आणि सोमवारच्या चार मगांत फक्त एक नवी वस्तू टाका, उदाहरणार्थ अर्धा मीटर पारदर्शक नळी.